पिचर पाहिजे, कोपरासकट

जून सरला की अमेरिकेतल्या बेसबॉल संघांना एक आजार जडतो. त्याचं निदान सगळ्यांना माहीत असतं, औषधही माहीत असतं, आणि औषधानेच रोगी दगावल्याची उदाहरणं तर शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतात. तरी दर जुलैत निम्म्याहून जास्त संघ पदर पसरून तेच मागत दारोदार फिरतात: एखादा बरा स्टार्टर असला तर द्या हो.

स्टार्टर म्हणजे सामना सुरू करणारा पिचर. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला ही जमात चमत्कारिक वाटते. हा गृहस्थ एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू जिवाच्या आकांताने फेकतो आणि पुढचे चार दिवस सामन्याकडे पाहुण्यासारखा बघतो. डगआउटच्या कठड्याला रेलायचं, सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या, टरफलं थुंकायची. पाचव्या दिवशी पुन्हा उगवतो. हंगाम 162 सामन्यांचा आणि सामना जवळजवळ रोज, म्हणून असे पाच जण पदरी बाळगावे लागतात.

एप्रिलमध्ये पाचही असतात. मे महिन्यात एकाचा खांदा धरतो. जूनमध्ये दुसऱ्याच्या कोपरातला अस्थिबंध तुटतो आणि त्याची ‘टॉमी जॉन’ करावी लागते. ही शस्त्रक्रिया 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली. मनगटाजवळचा एक टेंडन काढायचा आणि तो कोपरात ओवायचा. शस्त्रक्रियेला डॉक्टरांचं नाव न लागता रोग्याचं लागलं, कारण रोगीही तसाच निघाला. पिचर टॉमी जॉन त्या दुरुस्त केलेल्या कोपरावर वयाच्या 46व्या वर्षापर्यंत खेळला आणि आणखी 164 विजय त्याच्या नावावर लागले. ऐकायला हे छान आहे; पण बरं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि संघाला माणूस येत्या मंगळवारी हवा असतो. तिसरा पिचर ठणठणीत असतो, फक्त त्याचे चेंडू समोरच्या संघाला फार आवडतात. राहिले दोन. दोघांत पाच दिवस भागत नाहीत. तेव्हा जनरल मॅनेजर फोन उचलतो.

मैदानावर टोपी घालून उभा असतो तो मॅनेजर वेगळा. जनरल मॅनेजर ऑफिसात बसतो, खेळाडूंची देवघेव करतो, आणि शहरातल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला त्याचं काम त्याच्यापेक्षा बरं करता येतं. आयपीएलच्या लिलावात निदान फलक वर होतात, कॅमेरे असतात, आकडा सगळ्यांसमोर फुटतो. इथे सगळं फोनवर, आणि व्यवहार मुख्यतः माणसाच्या बदल्यात माणसांचा. ज्याची अदलाबदल होते त्याला विचारायची पद्धत नाही. दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये काढली असतील आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, किंवा करारात तसं कलम घालून घेतलं असेल, तर ‘मी जाणार नाही’ म्हणता येतं. बाकीच्यांनी बॅग भरायची.

मुदत 31 जुलैच्या आसपास. (1985पर्यंत ती 15 जूनला संपायची, लोकांचा त्रास दीड महिन्याने वाढवावा असं मग कुणाच्या तरी मनात आलं.) दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात झेंडू घ्यायला गेलेल्या माणसाला हा बाजार समजावून सांगावा लागणार नाही. घेणाऱ्याला आजच हवा, विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक, भाव सांगू तो. आणि उद्या तोच झेंडू फुकट दिला तरी कोणी उचलणार नाही. बाजारात आलेल्या बऱ्याच पिचरांचा करार त्याच हंगामाबरोबर संपत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमधले दहा-अकरा सामने आणि नशिबाने ऑक्टोबरमधले दोन-तीन, एवढ्यासाठी मंडळी घरातली तरणीताठी पोरं देऊन टाकतात. त्यात आता तीसपैकी बारा संघ प्लेऑफला जातात. त्यामुळे जुलैच्या मध्यावर कोणाचीच आशा सुटत नाही, आणि विकायला काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात.

या बाजारातला सगळ्यात गाजलेला सौदा 12 ऑगस्ट 1987चा (जुलैची मुदत संपल्यावरही ऑगस्टअखेरपर्यंत काही सौदे तेव्हा चालत). बाजाराच्या इतिहासात त्याची जागा आपल्याकडे पानिपताची आहे तिथेच: कोण चुकलं यावर अजून वाद चालू.

डिट्रॉइट टायगर्स त्या वर्षी पहिल्या तीस सामन्यांतले एकोणीस हरले होते. मग काय संचारलं देव जाणे, ऑगस्टपर्यंत ते टोरंटो ब्लू जेजच्या मानगुटीवर येऊन बसले. फक्त पिचर कमी पडत होता. जनरल मॅनेजर बिल लजॉय यांनी अटलांटा ब्रेव्ह्जकडे डॉइल अलेक्झांडरची चौकशी केली. हा अलेक्झांडर तेव्हा 37 वर्षांचा व्हायला आला होता. अटलांटात त्याची कामगिरी 5 विजय आणि 10 पराभव, म्हणजे ज्याच्यासाठी कोणी रांग लावावी असा माल नव्हे. शिवाय अदलाबदलीत जाणं हा त्याचा जन्माचा धंदा. 1971 साली फ्रँक रॉबिन्सनसारख्या दिग्गजाच्या बदल्यात जे खेळाडू गेले त्यांत हा होता. 1976च्या जूनमध्ये ऐन मुदतीच्या दिवशी बाल्टिमोर आणि यांकीज यांनी दहा माणसांची उलथापालथ केली, त्यांतही हा होता. 1986च्या जुलैत टोरंटोने त्याला अटलांटाला दिलं आणि बदल्यात ड्वेन वॉर्ड नावाचा पोरगा घेतला, जो पुढे टोरंटोच्या दोन अजिंक्यपदांत कामी आला. म्हणजे अलेक्झांडर ज्या घरातून निघेल त्या घरात लक्ष्मी येते, हे तेव्हाच कुणीतरी टिपून ठेवायला हवं होतं.

अटलांटाचे जनरल मॅनेजर होते बॉबी कॉक्स. त्यांनी बदल्यात वीस वर्षांचा एक पोरगा मागितला. तो टायगर्सच्या दुय्यम संघात, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन्स फॉल्सला, 4 विजय आणि 10 पराभव अशा अवस्थेत चाचपडत होता. नऊ डावांमागे साडेपाचहून जास्त धावा देत होता. डिट्रॉइटच्या शेजारच्या वॉरनमध्ये जन्मलेला, लॅन्सिंगमध्ये वाढलेला, लहानपणापासून टायगर्सचा भक्त. त्याचे आजोबा टायगर्सच्या मैदानावरच कामाला होते. घरातलंच पोर. त्याचं नाव जॉन स्मोल्ट्झ.

पोर गेलं, म्हातारा आला. आणि त्या म्हाताऱ्याने असा काही खेळ केला की ज्याचं नाव ते. अकरा सामने सुरू केले, त्यांत 9 विजय आणि पराभव शून्य. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी 1.53. शेवटच्या आठवड्यात टोरंटोची सलग सात सामन्यांची पडझड झाली. त्यातले शेवटचे तीन डिट्रॉइटच्याच मैदानावर, समोर टायगर्स. शुक्रवारी अलेक्झांडर जिंकला. रविवारी, 4 ऑक्टोबरला, फ्रँक टननाने सगळा सामना एकट्याने टाकून 1-0 असा काढला. टायगर्स दोन सामन्यांच्या फरकाने गटात पहिले.

प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध अलेक्झांडर दोनदा उतरला आणि दोन्ही हरला. टायगर्स 4-1 असे घरी. 1989 साली त्याच्या नावावर 18 पराभव लागले, लीगमध्ये सर्वांत जास्त, आणि तो निवृत्त झाला. डिट्रॉइटला पुढची प्लेऑफ बघायला 2006 उजाडलं.

आणि ते पोर? 213 विजय, सामना शेवटी येऊन राखण्याच्या कामगिऱ्या 154, 1996चा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, प्लेऑफमध्ये 15 विजय आणि फक्त 4 पराभव, 1995चं अजिंक्यपद, 2015 साली हॉल ऑफ फेम. हे जवळजवळ सगळं अटलांटाच्या खात्यावर.

डिट्रॉइटमध्ये आजही कोणी ही कहाणी सांगायला लागलं की ऐकणारे मान हलवतात. माझं मत उलटं आहे. लजॉय यांनी बरोबर केलं. अलेक्झांडर नसता तर ते पहिलं स्थान बहुधा टोरंटोला गेलं असतं, आणि त्याचं खापरही लजॉय यांच्याच डोक्यावर फुटलं असतं. शिवाय स्मोल्ट्झ डिट्रॉइटमध्ये राहता तर स्मोल्ट्झ झाला असता, हे कशावरून? त्याला घडवणारे लिओ मॅझोनी अटलांटात होते. पण प्रेक्षकांचा हिशेब असा नसतो. त्यांना तो ऑक्टोबरही हवा असतो आणि पुढची वीस वर्षंही. शिवाय 1987चा तो रविवार एकदा येऊन गेला. स्मोल्ट्झ मात्र पुढे वीस वर्षं टीव्हीवर दिसत राहिला.

या प्रकरणाची एक शेपूट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. त्याच सप्टेंबरात टायगर्सनी आणखी एक पिचर आणला: शिकागो कब्जचा डिकी नोल्स. बदल्यात काय? ‘एक खेळाडू, नाव नंतर सांगू’. बेसबॉलमध्ये असं अधिकृतपणे चालतं. उधारीचा कागद असतो तो. हंगाम संपला, नाव सांगायची वेळ आली, दोन्ही संघांचं काही जमेना. शेवटी टायगर्सनी नोल्सच परत पाठवला. डिकी नोल्सच्या बदल्यात डिकी नोल्स. माझ्या मते बेसबॉलच्या इतिहासातला हा एकमेव सौदा आहे ज्यात कोणीही फसलं नाही.

उधारीच्या कागदावर मिलवॉकी ब्रुअर्सचं मात्र वाटोळं झालं. 2008च्या जुलैत त्यांनी क्लीव्हलंडकडून सी. सी. सबॅथिया आणला. हे प्रकरणच अवाढव्य: माणूसही आणि त्याची भूकही. सतरा सामने, 11 विजय, 2 पराभव, आणि त्यांतले सात सामने पहिल्यापासून शेवटच्या चेंडूपर्यंत त्याचे त्यानेच टाकले. हंगाम संपताच त्याचा करार संपणार होता, समोर कोट्यवधी डॉलर दिसत होते, दुसरा असता तर त्याने हात जपला असता. हा शेवटचे तीन सामने चारऐवजी तीनच दिवसांच्या विश्रांतीवर खेळला. मिलवॉकी 1982 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेली. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. आता कागद काढा. क्लीव्हलंडला जायचा शेवटचा खेळाडू ‘नंतर’ ठरायचा होता, आणि अट अशी की मिलवॉकी प्लेऑफला गेली तर निवड क्लीव्हलंडची. क्लीव्हलंडने मायकल ब्रँटली उचलला. या सौद्यात नावाजलेलं पोर होतं मॅट लापोर्टा. तो चमकलाच नाही. चौथा, कागदाच्या तळाशी राहिलेला ब्रँटली पाच वेळा ऑल-स्टार झाला. सबॅथियाने जीव तोडून जिंकून दिलेला प्रत्येक सामना ब्रँटलीला मिलवॉकीपासून दूर नेत होता. पुढे सबॅथिया सात वर्षांच्या 16 कोटी 10 लाख डॉलरवर यांकीजकडे गेला आणि पहिल्याच वर्षी अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला.

तरी मिलवॉकीचे लोक सबॅथियाचं नाव प्रेमाने घेतात. शिकागोत अर्नी ब्रोग्लिओचं नाव काढून बघा. 15 जून 1964 रोजी कब्जनी सेंट लुईसकडून हा स्टार्टर घेतला आणि त्यात एक होतकरू पोरगा देऊन टाकला: लू ब्रॉक. ब्रोग्लिओचा हात आधीच दुखत होता. कब्जसाठी त्याने एकूण 7 विजय मिळवले आणि 19 पराभव. ब्रॉक त्याच वर्षी सेंट लुईसला अजिंक्यपद देऊन, कारकिर्दीत एकूण 938 बेस चोरून हॉल ऑफ फेममध्ये बसला. शिकागोचाच दुसरा संघ व्हाइट सॉक्स. त्यांनी 2016च्या जूनमध्ये जेम्स शील्ड्स हा पिचर सॅन डिएगोकडून आणला. बदल्यात गेलेल्यांत सतरा वर्षांचा फर्नांडो टाटिस ज्युनियर होता, जो अजून अमेरिकेत एकही व्यावसायिक सामना खेळला नव्हता. पाच वर्षांत सॅन डिएगोने त्याला 34 कोटी डॉलरचा करार दिला. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण शिकागोत पोहोचायला बावन्न वर्षं कमी पडली.

खेळाडूंच्या बाजूने हा तमाशा कसा दिसतो, ते 29 जुलै 2015च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये मेट्सच्या मैदानावर दिसलं. सामना चालू असताना बातमी फुटली की विल्मर फ्लोरेस आणि पिचर झॅक व्हीलर मिलवॉकीला जाणार, बदल्यात कार्लोस गोमेझ येणार. (व्हीलरची टॉमी जॉन होऊन चार महिने झाले होते. म्हणजे कोपर दुरुस्तीला टाकलेला पिचरसुद्धा या बाजारात चलनी नाणं.) प्रेक्षकांच्या हातात मोबाइल होते, त्यांना बातमी लागली. फ्लोरेस फलंदाजीला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्याला आधी कळेचना की एवढं काय झालं. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून तो याच संघात आला होता, दुसरं घर त्याला माहीत नव्हतं. क्षेत्ररक्षणाला गेला आणि जर्सीच्या बाहीने डोळे पुसायला लागला. कॅमेरे त्याच्या चेहऱ्यावर. मॅनेजर टेरी कॉलिन्स डगआउटमध्ये विचारताहेत, हा रडतोय का? मैदानात हजारो लोकांना ठाऊक होतं, मॅनेजरलाच नव्हतं. मग वैद्यकीय तपासणीवरून सौदा फिस्कटला. गेलेला फ्लोरेस न जाताच परत आला. दोन रात्रींनी, 31 जुलैला, त्यानेच बाराव्या डावात होम रन मारून सामना जिंकून दिला. कोणा चित्रपटलेखकाने हे लिहिलं असतं तर निर्मात्याने त्याला ‘जरा कमी करा’ म्हणून हाकललं असतं.

मेट्सबद्दल एवढी माहिती असायचं कारण माझा मावसभाऊ. बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. त्याच्या ओळखीतले बहुतेक सगळे यांकीजवाले. हा हट्टाने मेट्सवाला. घरच्यांचं म्हणणं, त्याला लहानपणापासूनच सुखाची ॲलर्जी आहे. 2004च्या जुलैत मेट्सनी स्कॉट कॅझमिर हा तरणाबांड पिचर टँपा बेला दिला आणि व्हिक्टर झँब्रानो आणला. झँब्रानो त्या हंगामात तीन सामने सुरू करून कोपर धरून बसला, मेट्सनी 91 सामने हरून दाखवले, आणि कॅझमिर 2008 साली टँपाकडून वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीचा, पहिला सामना टाकताना दिसला. मावसभाऊ हे अजून कालचं असल्यासारखं सांगतो. लग्नाची तारीख त्याला बायकोने आठवण करून द्यावी लागते.

पण मेट्सनी खरी कमाल केली ती 2023 साली. त्यांनी स्टार्टरच्या या शोधाचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं होतं. मालक स्टीव्ह कोहेन. पैशाला तोटा नाही. त्यांनी मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हरलँडर हे आपल्या काळातले दोन सर्वांत मातब्बर पिचर घेतले, प्रत्येकी वर्षाला 4 कोटी 33 लाख डॉलर. व्हरलँडर म्हणजे या बाजारातला अनुभवी इसम. 31 ऑगस्ट 2017च्या रात्री, तेव्हाच्या नियमाप्रमाणे मध्यरात्रीची मुदत संपायला दोन सेकंद उरली असताना त्याचा डिट्रॉइटहून ह्यूस्टनला जायचा सौदा पुरा झाला होता. ह्यूस्टनसाठी त्याने नियमित हंगामातले पाचही सामने जिंकले आणि अजिंक्यपद मिळवून दिलं. असा माणूस घरात आला, वर शर्झर. आता जुलैत कोणाच्या दारात जायला नको.

जुलैत मेट्स खरोखरच कोणाच्या दारात गेले नाहीत. संघच इतका मागे पडला की लोक त्यांच्या दारात आले. शर्झर टेक्सास रेंजर्सला गेला, व्हरलँडर पुन्हा ह्यूस्टनला, आणि दोघांच्या पगाराचा मोठा हिस्सा भरायचं मेट्सनी कबूल केलं. पिचर दुसऱ्याचे, पगार आपला. रेंजर्स त्याच वर्षी अजिंक्य ठरले. मावसभाऊ म्हणाला, ‘अरे, आमच्या पैशाने जिंकले ते, एक झेंडा आमच्याकडेही लावायला पाहिजे.’

पुढच्या वर्षी, 2024च्या जुलैत, मेट्सचं बरं चाललं होतं. फक्त एक स्टार्टर कमी पडत होता. 30 जुलैला त्यांनी ओकलंडहून पॉल ब्लॅकबर्न आणला आणि बदल्यात दुय्यम संघातला एक तरुण पिचर दिला. ब्लॅकबर्नने पाच सामने सुरू केले, एकदा चेंडू हातावर बसला, मग पाठीचं दुखणं निघालं आणि त्याचा हंगाम आटोपला. मावसभावाने त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो आता ब्लॅकबर्नच्या जुन्या संघाच्या दुय्यम संघांचे धावफलक उघडून बसतो. गेलेलं पोर चांगलं खेळलं की याला जेवण जात नाही, आणि त्याला मार पडला की हा बायकोला म्हणतो, ‘चल, आज बाहेरच जेवू.’